उत्तर उताऱ्यात कुठे आहे, तिथे बोट ठेव : शिष्यवृत्ती परीक्षेतील आकलन-प्रश्नांची तयारी

शिष्यवृत्तीचा वर्ग पहिल्यांदाच वाट्याला आलेल्या शिक्षकाला बहुधा गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी यांचीच धास्ती वाटते. मराठी तर मुलांची घरचीच भाषा आहे, असे म्हणून तो उताऱ्यांचा भाग शेवटच्या महिन्यावर ढकलतो. माझ्या पहिल्या वर्षी मीही हेच केले. जानेवारीत सरावसंच आणले, मुलांकडून रोज दोन उतारे सोडवून घेतले, उत्तरे फळ्यावर लिहून दिली, मुलांनी बरोबर-चूक अशा खुणा केल्या, आणि महिनाअखेरच्या चाचणीत गुण होते तिथेच राहिले. उतारे भरपूर सोडवले गेले होते, पण उतारा वाचावा कसा हे मी एकदाही शिकवले नव्हते. यंदा ज्यांच्याकडे हा वर्ग नव्याने आला आहे त्या शिक्षकांसाठी आणि घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांसाठी, पुढच्या वर्षांत जे उपयोगी पडले ते येथे क्रमाने लिहीत आहे.

परीक्षेचा साचा

ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे यांच्यामार्फत घेतली जाते. पूर्वी ती चौथी आणि सातवीसाठी होती, 2016-17 पासून पाचवी आणि आठवीसाठी घेतली जाऊ लागली, आणि 2025 मध्ये ती पुन्हा चौथी आणि सातवीसाठी घेण्याचा निर्णय झाला; इयत्तेबाबतचे शासनाचे निर्णय बदलत आलेले असल्याने त्या त्या वर्षीची अधिसूचना स्वतः वाचूनच तयारीला लागावे. या लेखात आठवीची, म्हणजे पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षा डोळ्यांसमोर ठेवली आहे. तिच्या पहिल्या पेपरमध्ये प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50 असे 75 प्रश्न असतात, प्रत्येक प्रश्नाला 2 याप्रमाणे 150 गुण असतात आणि वेळ 90 मिनिटांचा असतो. पात्र ठरण्यासाठी प्रत्येक पेपरमध्ये किमान 40 टक्के गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत.

या आकड्यांचा हिशेब मुलांबरोबर फळ्यावर मांडावा. 90 मिनिटे म्हणजे 5400 सेकंद, भागिले 75, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. गणिताच्या काही प्रश्नांना दोन-दोन मिनिटे लागणार हे उघड असल्यामुळे भाषेचा भाग 25 ते 30 मिनिटांत उरकला पाहिजे, आणि त्यात उतारा, कविता, संवाद किंवा जाहिरात वाचण्याचा वेळही धरलेला आहे. जे मूल अडखळत वाचते त्याची खरी अडचण ‘उत्तर येत नाही’ ही नसते. उतारा संपेपर्यंत त्याच्या हातातला वेळच संपतो. म्हणून तयारी सरावसंचापासून सुरू न करता वाचनापासून सुरू करावी लागते.

जून-जुलै : मूल वाचते कसे ते ऐका

पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवून त्याने न पाहिलेला, साधारण दीडशे शब्दांचा उतारा मोठ्याने वाचायला सांगावा आणि घड्याळ लावून एका मिनिटात तो कुठवर पोचला तिथे पेन्सिलीने खूण करावी. आठवीतल्या मुलाने ओळखीच्या विषयावरचा मजकूर मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास वाचावा, अशी माझी अपेक्षा असते. मात्र आकड्यापेक्षा ते कुठे थांबते हे ऐकणे अधिक उपयोगाचे आहे. काही मुले जोडाक्षरांवर अडतात, काही शब्दाचा शेवट गिळतात, आणि काही अगदी खळखळून वाचतात पण पूर्णविरामाशी थांबतच नाहीत. हा तिसरा गट सर्वांत फसवा असतो, कारण वाचन छान आहे म्हणून शिक्षक त्यांच्याकडे लक्ष देत नाही. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ‘काय होते त्यात, तुझ्या शब्दांत सांग’ असे विचारले की खरी परिस्थिती कळते.

शब्दाचा शेवट गिळणाऱ्या मुलांकडे विशेष पाहावे. मराठीत वाक्याचा अर्थ प्रत्ययावर उभा असतो. ‘रामाने शामला बोलावले’ आणि ‘रामाला शामने बोलावले’ यांत नावे तीच आहेत आणि क्रियापदही तेच आहे, पण ‘ने’ आणि ‘ला’ घाईत निसटले की कोणी कोणाला बोलावले हे उलटे होते. अशा जोड्या रोज दोन, महिनाभर घेतल्या तरी पुढचे बरेच काम हलके होते.

ज्या मुलांच्या घरी अहिराणी, पावरी, गोंडी किंवा वऱ्हाडी बोलली जाते त्यांना प्रश्नपत्रिकेतली प्रमाण मराठी काही अंशी परकी वाटते, आणि ती त्यांची कमतरता नाही. ‘खेरीज’, ‘वगळता’, ‘व्यतिरिक्त’, ‘परिणामी’, ‘तथापि’, ‘अन्यथा’ हे शब्द बोलण्यात येत नाहीत, प्रश्नांत मात्र सतत येतात. त्यांची यादी भिंतीवर लावून प्रत्येक शब्दाला मुलाच्याच बोलीतला पर्याय शेजारी लिहून घ्यावा. आपल्या घरचा शब्द वर्गाच्या भिंतीवर पाहिलेले मूल पुढच्या तासाला हात वर करते, असा माझा अनुभव आहे.

याच काळात रोज वीस मिनिटे मूक वाचनाची ठेवावीत. बालभारतीकडून 1971 पासून निघणारे ‘किशोर’ मासिक यासाठी उत्तम आहे, आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. वर्तमानपत्रातली स्थानिक बातमी, बसस्थानकावरचे वेळापत्रक, औषधाच्या खोक्यावरची सूचना हेही वाचनच आहे. परीक्षेत अशा मजकुरावर प्रश्न येतात, आणि कविता मुखपाठ असलेले मूल जाहिरातीपाशी अडते असे अनेकदा दिसते.

ऑगस्टपासून : उत्तराचा आधार दाखवणे

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. नियम एकच आहे. मुलाने पर्यायाचा क्रमांक सांगितला की तो बरोबर आहे की चूक हे लगेच सांगायचे नाही. ‘कुठे आहे ते? बोट ठेव’ असे म्हणायचे. उताऱ्यातल्या ज्या ओळीवरून उत्तर काढले ती ओळ मुलाने दाखवलीच पाहिजे, आणि उत्तर बरोबर असले तरीही दाखवलीच पाहिजे. सुरुवातीला मुले कंटाळतात, कारण त्यांना पुढच्या प्रश्नाकडे पळायचे असते. आठवड्याला चारच उतारे झाले तरी चालतील, पण हा नियम सोडू नये.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते दिसावे म्हणून मी वर्गासाठी लिहिलेला एक उतारा येथे देतो.

‘आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एक जुनी विहीर आहे. तिला बारमाही पाणी असे, हे जुनी माणसे सांगत. पण गेली दहा वर्षे एप्रिल उजाडला की तिचा तळ दिसू लागे. टँकर येईपर्यंत बायका रात्ररात्र विहिरीपाशी बसून झऱ्याचे पाणी वाटीवाटीने भरत. दोन वर्षांपूर्वी गावातल्या तरुणांनी टेकडीच्या उतारावर समतल चर खणले आणि चरांच्या कडेने झाडे लावली. पहिल्या पावसाळ्यानंतर फारसा फरक पडला नाही, तेव्हा काहींनी या कामाला नावे ठेवली. यंदा मात्र मे संपत आला तरी विहिरीची पाचवी पायरी पाण्याखालीच आहे, आणि ज्यांनी नावे ठेवली तेच आता चरांतला गाळ काढायला सर्वांआधी फावडे घेऊन येतात.’

पहिला प्रश्न असा होता : नावे ठेवणाऱ्यांविषयी शेवटच्या वाक्यावरून काय समजते? पर्याय होते : (1) त्यांना गाळ काढण्याची मजुरी मिळते. (2) कामाविषयीचे त्यांचे मत बदलले आहे. (3) त्यांना तरुणांची भीती वाटते. (4) ते आधीपासूनच या कामाच्या बाजूने होते. एका मुलीने ठामपणे पहिला पर्याय सांगितला. बोट ठेव म्हटल्यावर तिने ‘गाळ काढायला’ या शब्दांवर ठेवले. मजुरीचा शब्द कुठे आहे, असे विचारल्यावर ती सगळा उतारा पुन्हा वाचून म्हणाली, ‘सर, इथं नाही, पण आमच्याकडं गाळ काढायला गेलं की हजेरी मिळते.’ तिचे म्हणणे तिच्या गावापुरते खरे होते, उताऱ्यात मात्र ते नव्हते. आमच्या वर्गात अशा चुकीला आम्ही ‘मनाचे घातले’ असे नाव दिले आहे. हुशार मुलांच्या हातून ती अधिक होते, कारण त्यांच्याजवळ स्वतःचे बरेच काही असते. त्या मुलीला मी ती चुकली असे म्हटले नाही. तुझे गाव बाजूला ठेव आणि या वाडीतच राहा, एवढेच म्हणालो, आणि तिने दुसऱ्या पर्यायाचा आधार स्वतः शोधला : आधी ‘नावे ठेवली’, नंतर ‘सर्वांआधी फावडे घेऊन येतात’. असे उत्तर दोन ठिकाणच्या ओळी जोडून मिळते, म्हणून तिथे दोन बोटे ठेवायची.

दुसरा प्रश्न ‘नावे ठेवणे’ या वाक्प्रचाराच्या अर्थाचा होता. बारसे करणे, यादी करणे, दोष काढणे आणि नोंद घेणे असे पर्याय होते. वाक्प्रचाराचा अर्थ माहीत नसलेल्या मुलालाही येथे उत्तर सापडू शकते : आधीच्या शब्दांत ‘फारसा फरक पडला नाही’ असे आहे आणि त्याला जोडून ‘तेव्हा’ आले आहे, म्हणजे पुढे काहीतरी नाराजीचेच असणार. अडलेल्या शब्दाच्या मागचे आणि पुढचे वाक्य पाहायचे ही सवय पाठ केलेल्या शंभर वाक्प्रचारांपेक्षा अधिक कामाला येते, कारण परीक्षेत शंभरातला एकही येईल याची खात्री नसते.

तिसरा प्रश्न दोन उत्तरांचा ठेवला होता. आठवीच्या परीक्षेत जास्तीत जास्त 20 टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय अचूक असू शकतात आणि तेव्हा दोन्ही नोंदवावे लागतात; एकच नोंदवला तर गुण मिळत नाहीत. प्रश्न होता, उताऱ्यानुसार योग्य असलेली दोन विधाने निवडा : (1) चर खणल्यावर पहिल्याच वर्षी विहीर भरली. (2) विहिरीला पूर्वी बारमाही पाणी असे, असे वडीलधारे सांगत. (3) झाडे चरांच्या कडेने लावली. (4) गावात आता टँकर येत नाही. जवळजवळ अर्ध्या वर्गाने चौथे विधान निवडले, कारण विहिरीला पाणी आले म्हणजे टँकर बंद झालाच असेल, हे मनाला पटते. उताऱ्यात तसे एकाही शब्दाने म्हटलेले नाही. उलट दुसरे विधान मुलांनी सोडून दिले, कारण आता तर पाणी आटते असे त्यांना वाटले. ‘सांगत’ हा शब्द त्यांच्या नजरेतून सुटला. अशा प्रश्नांत प्रत्येक विधानापुढे ‘आहे’, ‘उलटे आहे’ किंवा ‘म्हटलेलेच नाही’ यांपैकी एक खूण करायला शिकवावे. ‘उलटे’ आणि ‘म्हटलेलेच नाही’ यांतला फरक मुलांना कळू लागला की शिक्षकाचे बरेच काम झाले असे समजावे.

शीर्षकाचा प्रश्न मुलांना सोपा वाटतो आणि तिथेच गुण जातात. याच उताऱ्याला ‘पाणी हेच जीवन’, ‘रात्रीचे जागरण’, ‘श्रमाला आलेले पाणी’ आणि ‘झाडे लावा, झाडे जगवा’ असे पर्याय दिल्यावर घोषणा म्हणून पाठ असलेल्या पहिल्या आणि चौथ्या पर्यायाला सर्वाधिक हात वर आले. त्यावर एक साधी तपासणी आहे. हेच शीर्षक दुसऱ्या दहा उताऱ्यांना चालेल का? चालत असेल तर ते सैल आहे. ते एकाच वाक्यापुरते आहे का? असेल तर ते तोकडे आहे. ‘सैल’ आणि ‘तोकडे’ हे शब्द मुलांना आपल्या कपड्यांवरून लगेच कळतात.

आधी प्रश्न वाचावेत की उतारा, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. माझे मत असे आहे की गद्य उतारा आणि कविता आधी एकदा सलग वाचावी, मग प्रश्न वाचावेत आणि मग उत्तरासाठी परत उताऱ्यात जावे. आधी प्रश्न वाचलेले मूल शब्दांची शिकार करू लागते आणि प्रश्नातला शब्द उताऱ्यात दिसला की तीच ओळ उत्तर म्हणून उचलते. जाहिरात, वेळापत्रक किंवा सूचनाफलक असेल तर मात्र प्रश्न आधी वाचावा, कारण तिथे सगळे लक्षात ठेवण्याची गरजच नसते.

कविता आणि संवाद

कवितेच्या प्रश्नांत मुले शब्दाचा कोशातला अर्थ धरून बसतात. पुढच्या चार ओळी पाहा.

नांगरल्या रानावरती
थेंब पहिला सांडला,
काळ्या आईच्या ओठांशी
जणू घडा कोणी मांडला.

‘काळी आई’ म्हणजे कोण, असे विचारल्यावर शेतकऱ्यांच्या घरातली मुले क्षणात ‘जमीन’ म्हणतात आणि शहरातली मुले कवीच्या आईविषयी बोलू लागतात. येथेही बोट ठेवायला सांगावे : आधीच्या ओळीत ‘नांगरल्या रानावरती’ आहे, थेंब तिथे पडला आहे, म्हणजे ओठ रानाचेच. त्यानंतर कविता गद्यात सांगायला लावावी : ‘नांगरलेल्या रानावर पावसाचा पहिला थेंब पडला, तेव्हा तहानलेल्या जमिनीच्या ओठांशी कोणी पाण्याचा घडा धरावा तसे वाटले.’ कवितेत कर्ता, कर्म आणि क्रियापद विखुरलेले असतात. ते वाक्याच्या क्रमाने पुन्हा मांडता आले की निम्मे प्रश्न सुटतात. संवादाच्या बाबतीत कोण कोणाला म्हणाले आणि ‘तो’, ‘त्याचे’, ‘तिथे’ हे शब्द कोणासाठी आले आहेत, एवढे बाण काढून दाखवले की पुरते.

चुकांची वही

ऑक्टोबरपासून प्रत्येक मुलाची एक वेगळी वही ठेवावी. तिच्यात फक्त चुकलेले प्रश्न यावेत, आणि प्रत्येकापुढे चूक कशामुळे झाली हे मुलाने स्वतः लिहावे. आमच्याकडे चार कारणे ठरलेली आहेत : ओळ सापडली नाही, शब्द अडला, प्रश्न नीट वाचला नाही, मनाचे घातले. महिनाभराने वही चाळली की कोणाला काय द्यायचे हे आपोआप ठरते. ज्याचे ‘शब्द अडला’ जास्त आहे त्याला वाचन वाढवून द्यावे. ज्याचे ‘प्रश्न नीट वाचला नाही’ जास्त आहे त्याला प्रश्नातल्या ‘नाही’, ‘अयोग्य’, ‘चुकीचे’, ‘वगळता’, ‘दोन पर्याय’ या शब्दांखाली रेघ मारल्याशिवाय उत्तर लिहू देऊ नये. संपूर्ण वर्गाला एकच औषध देण्याची चूक मी बरीच वर्षे केली, आणि तिचा सर्वाधिक फटका मधल्या मुलांना बसला.

पालकसभेत ही वही अवश्य दाखवावी. आपला मुलगा मराठीत कच्चा आहे असे समजणाऱ्या पालकाला तो फक्त प्रश्न घाईने वाचतो हे दिसले, की घरातले रागावणे कमी होते आणि मदत नेमकी होते.

दिवाळीनंतर : स्वतः प्रश्न काढणे आणि वेळ

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांनी स्वतः प्रश्न तयार करावेत. तीन-तीनच्या गटाला एक परिच्छेद द्यावा आणि एक प्रश्न व चार पर्याय लिहायला सांगावे; अट अशी की चुकीचे तिन्ही पर्याय कोणाला तरी खरे वाटले पाहिजेत. चुकीचा पर्याय कसा रचतात हे स्वतः रचल्यावरच नीट कळते : एक उताऱ्यातले शब्द घेऊन अर्थ उलटवतो, एक जगात खरा असतो पण उताऱ्यात नसतो, एक अर्धा खरा असतो.

घड्याळ आता आणावे, त्याआधी नाही. डिसेंबरपासून आठवड्यातून एकदा भाषेचे 25 प्रश्न 30 मिनिटांत घ्यावेत आणि जानेवारीत पहिला पेपर पूर्ण 90 मिनिटांचा घ्यावा. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मिळतात. सरावासाठी त्याच पहिल्या पसंतीच्या धराव्यात, कारण बाजारातल्या काही संचांत उताऱ्यात आधारच नसलेली उत्तरे बरोबर म्हणून छापलेली मी पाहिली आहेत. अशा प्रश्नावर मुलाने ‘सर, याला ओळच नाही’ असे म्हटले तर त्याला शाबासकी द्यावी.

जे मूल एका प्रश्नाला चिकटून बसते त्याला प्रश्नाच्या क्रमांकाला गोल करून पुढे जाण्याची सवय लावावी. गुण वजा होत नसल्यामुळे शेवटची दोन मिनिटे राखून ठेवून गोल केलेल्या प्रश्नांतले नक्की चूक वाटणारे पर्याय खोडावेत आणि उरलेल्यांतून एक निवडावा. कोरा प्रश्न ठेवून उठू नये.

उत्तरपत्रिका

उत्तरे काळ्या किंवा निळ्या बॉलपेनने वर्तुळ पूर्ण रंगवून नोंदवायची असतात आणि एकदा रंगवलेले बदलता येत नाही. म्हणून जानेवारीत किमान पाच चाचण्या नमुना उत्तरपत्रिकेवरच घ्याव्यात. एक प्रश्न सोडून पुढे गेलेले मूल उत्तर मात्र आधीच्याच क्रमांकासमोर रंगवते आणि तिथून पुढची सगळी उत्तरे एक घर सरकतात. हे माझ्या वर्गात एका चांगल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत घडले आहे. प्रत्येक उतारा संपला की प्रश्नक्रमांक आणि वर्तुळाचा क्रमांक जुळतो का हे पाहायचे, एवढी एक सवय त्यावर पुरेशी आहे. दोन उत्तरांच्या प्रश्नाला दोन वर्तुळे रंगवताना मुलांचा हात बिचकतो, कारण इतर सगळीकडे एकच रंगवायचे असते; त्याचा सराव वेगळा घ्यावा.

शेवटच्या आठवड्यात नवा उतारा देऊ नये. मुलांनी चुकांची वही वाचावी, रोजची वीस मिनिटे मूक वाचन चालू ठेवावे आणि रात्री वेळेवर झोपावे. परीक्षेच्या दिवशी दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत पहिल्या पेपरची उत्तरे ताडून पाहू देऊ नयेत. मुलांना सावलीत बसवावे, डबा खाऊ घालावा, पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात आणि दुसऱ्या पेपरची घंटा होण्याआधी प्रत्येकाचे प्रवेशपत्र आणि जादा बॉलपेन त्याच्याजवळ आहे ना, हे स्वतः पाहून घ्यावे.